गाव सोडून गेलेला संघ

मुलीकडे कॅनडात आलो की आम्ही दोघं सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी प्यायला जातो. तिथे एक म्हातारं जोडपं येतं. आजोबांच्या अंगात इथल्या जुन्या आइस हॉकी संघाची विटकी निळी जर्सी असते. तो संघ केव्हाच दुसऱ्या शहरात गेला, पण आजोबांच्या तोंडी अजून त्याचेच सामने असतात.

काल ते एका अंतिम सामन्याबद्दल सांगत होते. कोणी कोणाला पास दिला, गोलकीपर बर्फावर कसा आडवा पडला, सगळं लख्ख आठवत होतं. मग ते शेजारी बसलेल्या बायकोकडे वळले आणि परक्या बाईला विचारावं तसं अदबीनं म्हणाले, "तुम्ही बघायचात का हो तेव्हा हॉकी?"

आजींचा कप हातातच राहिला.

"बघायचे ना," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याच शेजारी बसून."

गोलकीपर राहतो आणि जन्माची सोबतीण पुसली जाते, असंही होतं तर!

परतताना मी ह्यांना म्हटलं, "माझं नाव घ्या बघू."

"आता या वयात उखाणा?" हे हसले.

मला उखाणा नको होता. नुसतं नाव हवं होतं.