टेबलावरची टकटक

सराव परीक्षांच्या त्या कार्यालयात सगळे तिला ताई म्हणत. मुलं हाताशी आल्यावर, कानांजवळचे केस पांढरे झाल्यावर ती नोकरीला लागली, आणि तीही तात्पुरती. शिक्षकांनी हाताने लिहून पाठवलेले गणिताचे प्रश्न संगणकातल्या प्रश्नपेढीत भरायचे, एवढंच काम. ही पेढी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे पेढीवालेच म्हणत.

शब्द ती झरझर टाइप करायची. समीकरण आलं की मात्र हात आखडायचे. मग तिने युक्ती काढली. कागदावरच्या समीकरणाचा फोटो काढायचा आणि प्रश्नात चिकटवून मोकळं व्हायचं. पडद्यावर दिसायचंही देखणं.

एका सकाळी पेढीवाल्यांनी तिने भरलेला एक प्रश्न मोबाईलवर उघडून तिच्यापुढे धरला.

"ताई, हे समीकरण आहे की मुंग्यांची रांग?"

ताई ओशाळली.

"बरं, यात उणेच्या जागी अधिक पडलंय. अक्षरं असती तर बदलली असती. फोटोतलं काय खोडरबराने खोडू? आणि ज्यांना दिसत नाही, त्या मुलांना संगणक प्रश्न वाचून दाखवतो. तुमच्या समीकरणापाशी येऊन तो नुसतं 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो."

ताईने मोबाईल हातात घेऊन ते समीकरण पुन्हा पाहिलं. तिच्या पाठच्या भावाला लहानपणापासून अंधुकच दिसायचं.

पेढीवाल्यांनी खुर्ची ओढून समजावलं. प्रश्नाला आकृती असेल तर ती संगणकात वेगळ्या कप्प्यात ठेवायची, प्रश्नात फक्त तिचा पत्ता, म्हणजे लिंक, द्यायचा आणि आकृतीत काय आहे ते शब्दांत लिहायचं. समीकरण मात्र अक्षरांतच, एका ओळीत. कंस उघडा, अंश लिहा, कंस मिटा. पुन्हा उघडा, छेद लिहा, मिटा. "सोमवारी आपल्या कार्यालयाच्या प्रमुख मॅडम बघणार आहेत. त्यावर तुमचं ठरेल," ते जाता जाता हळूच म्हणाले.

ताईने सुरुवात केली, पण कुठला तरी कंस उघडाच राहायचा आणि सगळी ओळ लाल व्हायची. दुपारपर्यंत ती रडकुंडीला आली. डोळे मिटून ती समीकरण स्वतःशीच पुटपुटू लागली, आणि तिचं बोट आपोआप टेबलावर वाजलं. टक. मग टकटक.

लहानपणी भावाला गणिताचं पुस्तक तीच वाचून दाखवायची. "छेद कुठे संपला ते सांग ना गं, नाहीतर माझं उत्तर रस्त्यावर पडेल!" असं तो वैतागून ओरडायचा. म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. काही सुरू झालं की एक टक, संपलं की दोन. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाला का तुमचा सुतारकीचा धंदा सुरू?"

ताईने एका टकेला कंस उघडला, दोन टकांना मिटला. ओळ लाल झाली नाही.

सोमवारी मॅडमनी मोबाईलवर प्रश्न मोठे करकरून पाहिले. मग एक प्रश्न संगणकाकडून वाचून घेतला. त्याने समीकरण अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचलं.

"तुम्ही राहताय, ताई," मॅडम म्हणाल्या. "फक्त ती टकटक जरा हळू. भिंतीपलीकडे मला वाटतं कुणी दार वाजवतंय."

संध्याकाळी ताईने आधी पेढीवाल्यांचे आभार मानले. "मी काय केलं? मी तर नुसता ओरडलो," म्हणत ते टिफिन उचलून निघून गेले. मग तिने भावाला फोन लावला.

"तुझ्यामुळे नोकरी टिकली रे."

"आणि मी गणितात पास कोणामुळे झालो? तेव्हा जास्त भाव खाऊ नकोस."

ताईने उद्या भरायच्या आकृतीचं वर्णन पुढे ओढलं. ती घाईघाईने म्हणाली, "गप बस आणि ऐक. आकृतीत एक उभी भिंत आहे. तिला टेकलेली शिडी आहे. शिडीचं खालचं टोक भिंतीपासून लांब, जमिनीवर आहे. दिसली?"

 पलीकडून रिसीव्हरवर टकटक झाली.

"दिसली. पण वरचं टोक भिंतीच्या माथ्याला टेकलंय की खाली, ते कोण सांगणार?"

ताईने पेन घेतलं.