वरच्या स्टँडमधून

पन्नाशी पूर्ण झाली तेव्हा माझ्या मैत्रिणीने घरच्यांकडे पार्टी मागितली नाही. तिने मला फोन केला. "एक आठवडा सुट्टी टाक. फुटबॉलची ग्राउंड्स बघायला जाऊ, आपण दोघीच. एडिनबराहून निघायचं आणि एकेक करत खाली तुझ्याकडे यायचं."

"मला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"तुला कशाला कळायला हवं? तू शेजारी बसून बडबड कर. गाडी मी चालवते."

नागपूरला मेडिकलच्या होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहत होतो. पुढे ती किडनीची डॉक्टर होऊन एडिनबराला स्थिरावली आणि मी कॉव्हेंट्रीला, भूल देणारी डॉक्टर म्हणून. एकमेकींच्या घरी जायचो, पण सोबत नवरे, मुलं, स्वयंपाक, आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी ड्युटी. सलग आठवडाभर ती एकटी मिळणार म्हणून मी हो म्हटलं. फुटबॉल तिने आजवर टीव्हीवरच पाहिला होता. तिचा नवरा क्रिकेटवाला. एकटीने ग्राउंडवर जायचं तिला जमलं नव्हतं.

पहिलं ग्राउंड रिकामं होतं, नुसती टूर. गाईड पुढे गेला तशी ही खाली वाकली आणि तिने गवतावर तळहात टेकवला. गाईड लांबून ओरडला. "सॉरी, सॉरी," करत ती हसत परत आली आणि पुढच्या दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये मला ऑफसाइडचा नियम समजावत राहिली. मला काही समजलं नाही, पण दिवस छान गेला. सगळी ग्राउंड्स अशी रिकामी बघायची असती तर माझी काही तक्रार नसती.

दुसऱ्या ठिकाणी मॅच होती. ग्राउंडकडे जाणारी गल्ली चिंचोळी, दोन्ही बाजूंना लोकांची राहती घरं. त्या घरांच्या कुंपणांवर पुरुष ओळीने लघवी करत होते. एका घराच्या खिडकीत एक म्हातारी बाई पडदा धरून उभी होती. तिच्याकडे हात हलवत एकाने आपलं काम पूर्ण केलं. पोलिसांच्या घोड्यांची लीद हजार बुटांखाली तुडवली जाऊन रस्ताभर पसरली होती. तिच्याच शेजारी गाड्यावर कांदा परतला जात होता, आणि लोक तिथेच उभं राहून, बोटं चाटत, बर्गर खात होते.

आत गेल्यावर पायाखालची जमीन बिअरने चिकट झालेली. प्रत्येक पावलाला चपक चपक आवाज. आमच्या बाजूला बायकांचं एकच टॉयलेट होतं आणि पुरुषांची रांग लांब म्हणून पुरुष खुशाल त्यात शिरत होते. मी दार उघडलं आणि तसंच बंद केलं.

रक्त, पू, उलटी यांच्यात माझा रोजचा दिवस जातो. त्याची मला कधी किळस आली नाही; आजारी माणसाचं शरीर त्याच्या ताब्यात नसतं. इथे सगळे धडधाकट होते. हे सगळं त्यांनी हौसेने केलेलं होतं.

मॅच सुरू झाली तशी पाहुण्या टीमच्या गोलकीपरवर गाणं सुरू झालं. त्याच्या आईला कॅन्सर झाल्याचं पेपरात आलं होतं म्हणे, त्यावर. चाल सोपी होती, टाळ्यांवर बसवलेली. माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ, ज्यांनी आम्हाला उठून वाट दिली होती आणि "लेडीज" म्हणून हसले होते, तेही टाळ्या वाजवत गात होते.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "टीव्हीवर आवाज कमी करतात गं. तू तिकडे लक्ष देऊ नकोस, त्या डावीकडच्या पोराचे पाय बघ."

मी पाय बघायचा प्रयत्न केला.

शनिवारी आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या ग्राउंडवर होतो. स्टँड दोन मजली, आमच्या सीट खालच्या मजल्यावर, पण वरच्या छज्ज्याच्या थोड्या पुढे, उघड्यावर. ऊन पडलं होतं. मैत्रीण खुशीत होती. बाहेर तिने घरच्या टीमचा मफलर विकत घेऊन गळ्यात टाकला होता. गोल झाला आणि सगळे उभे राहिले, तीही दोन्ही हात वर करून ओरडली. वरच्या मजल्यावरून बिअरचे फवारे उडाले. आणि मग एक प्लास्टिकचा ग्लास, अर्धा भरलेला, सरळ तिच्या डोक्यावर येऊन पडला.

केसांमधून, कपाळावरून, कानामागून ते खाली मफलरवर उतरलं. तिने डोळे मिटले होते.

"बिअर आहे," ती म्हणाली.

बिअर नव्हती. ते गरम होतं. माझ्या बाहीवर शिंतोडे उडाले होते आणि वास तर कुणालाही कळला असता.

"चल इथून," मी म्हटलं.

"बिअर आहे गं. गोल झाला की उडवतात."

मागचा माणूसही पुढे झुकून म्हणाला, "बिअरच आहे, लव्ह." त्याच्या बायकोने नाक दाबून तोंड दुसरीकडे वळवलं होतं. मी पर्समधले सगळे टिश्यू काढले, तिचं कपाळ पुसलं, मान पुसली. ती पुतळ्यासारखी ग्राउंडकडे बघत बसली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचीही चीड आली. असं कसं बसवतं हिला?

हाफ-टाइमला ती उठली. मला वाटलं टॉयलेटकडे चालली. ती जिन्याकडे वळली आणि वर चढायला लागली. पायाशी पडलेला तो ग्लास तिने टिश्यूमध्ये धरून बरोबर घेतला होता. मी तिच्या मागोमाग गेले.

वरच्या मजल्यावरच्या पुढच्या दोन-तीन रांगांत तिशीतले धिप्पाड पुरुष बसले होते. ही पाच फुटांची बाई, ओले केस डोक्याला चिकटलेले, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वॉर्डात राउंडला बोलते त्या आवाजात म्हणाली, "हा ग्लास कोणाचा?"

 कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं.

"मी किडनीची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "याचा वास चांगला नाही. ज्याची असेल त्याने सोमवारी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन युरिन तपासून घ्यावी. इन्फेक्शन असू शकतं. अंगावर काढू नका."

क्षणभर मला वाटलं, आता तरी एखादा मान खाली घालेल. पण हशा पिकला. एकाने मान डोलवत, आमच्या लोकांच्या बोलण्याची नक्कल करत, "थँक यू, डॉक्टर" म्हटलं. दुसऱ्याने तेच पकडलं आणि मग अख्खी रांग ते सुरात म्हणायला लागली. मोबाइल वर झाले. त्यांच्यात बसलेल्या एका बाईने आपली पर्स पायाजवळून उचलून मांडीवर घट्ट धरली. आम्ही दोघी तिच्या पर्सला हात लावू, असं तिला वाटलं असावं.

एवढ्यात नारिंगी जॅकेटमधली, बंदोबस्तावरची स्टुअर्ड आली. तिने आमची तिकिटं मागितली.

"तुमच्या सीट खाली आहेत. तुम्हाला इथे यायची परवानगी नाही."

"वरून आमच्यावर लघवी टाकली आहे," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला.

"तक्रार असेल तर वेबसाइटवर करा. आता मला तुम्हाला बाहेर न्यावं लागेल."

आम्हाला बाहेर काढलं. म्हणजे आम्हालाच. गेटमधून निघताना पाठीमागे दुसरा हाफ सुरू झाल्याचा आरडाओरडा ऐकू आला.

गाडी एका चर्चच्या आवारात लावली होती. तिथे ती फुटपाथच्या कडेला बसून पुढे वाकली आणि मी डिकीतल्या पाण्याच्या बाटल्या एकामागून एक तिच्या डोक्यावर ओतल्या, बॅगेतला शाम्पू काढून केस दोनदा धुतले. येणारे-जाणारे बघत होते. मफलर मी बोटांच्या चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"पहिल्या थेंबालाच कळलं होतं मला," ती वाकलेली असतानाच म्हणाली.

"मग बिअर बिअर काय लावलं होतंस?"

"तू माझ्याकडे बघत होतीस म्हणून. तुझ्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं ना... माझीच किळस आल्यासारखं."

 मी तिच्या केसांतून पाणी निपटत राहिले. तिचे खांदे हलत होते, थंडीने की कशाने ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या बी-अँड-बीमध्ये नाश्त्याला ती रोजच्यासारखी आली. केस कोरडे, कपाळावर टिकली. मोबाइलवर पुढच्या ग्राउंडचा रस्ता बघत होती.

"तू अजून जाणार?" मी विचारलं.

"तिकीट आहे."

"कालच्या नंतर? तुला काहीच वाटत नाही?"

तिने टोस्ट खाली ठेवला. "सातवीपर्यंत मी भावांबरोबर कॉलनीच्या मैदानावर फुटबॉल खेळत होते. एकदा कुणीतरी पोरगा काहीतरी घाण बोलला, तर त्याला कुणी काही केलं नाही. माझं खेळणं बंद केलं. आणि मी गप्प बसले. आता नाही गप्प बसणार. मला किळस आली, रात्रभर आली. तरी मी जाणार."

"मग एकटी जा," मी म्हणाले. "माझ्याच्याने होणार नाही."

ती रागावली नाही. तिने मला स्टेशनवर सोडलं, ट्रेनमध्ये खायला सँडविच घेऊन दिलं आणि निघून गेली. उरलेली ग्राउंड्स तिने एकटीने पाहिली. प्रत्येक ठिकाणाहून हिरव्यागार गवताचा फोटो पाठवला. मी प्रत्येक फोटोला अंगठ्याचा इमोजी पाठवला.

शेवटी ती आमच्याकडे मुक्कामाला आली. वरण-भात जेवली, माझ्या नवऱ्याला कुठल्याशा गोलचं वर्णन पानाभोवतीच्या वाट्या मांडून करून दाखवलं. त्या शनिवारचं नाव दोघींनीही काढलं नाही.

आता शनिवारी दुपारी ट्रेनमध्ये मफलरवाले चढले, कॅनचे आवाज झाले, की मी उठून पुढच्या डब्यात जाते. मग जागा नसली तरी चालतं. पुढच्या सीझनला ती पुन्हा निघणार आहे, एडिनबरातल्या दोन बायकांना घेऊन. मला तिने विचारलं नाही. मला हायसं वाटलं, आणि मग दिवसभर कशातच मन लागेना.