हमीदा खालाचं निवेदन

हमीदा खाला बांगडी अर्ध्यावर थांबवायची. बाईचा डावा हात तिच्या हातात, अंगठा तळव्यात मुडपलेला आणि काचेची बांगडी बोटांच्या सांध्यांवर येऊन अडकलेली. पुढं जात नाही, मागं येत नाही. नेमक्या त्या वेळी ती टोपलीतून घडीचा कागद काढायची आणि बाईच्या मांडीवर ठेवायची.

"उजवा हात रिकामा हाये ना व माय? मंग इथं सही कर."

"कायची व खाला?"

"सही कर, मंग सांगतो. का राहू देऊ बांगडी अशीच?"

बाई हसत, विव्हळत सही करायची. सही न येणाऱ्यांसाठी टिकल्यांच्या पाकिटांखाली शाईचं पॅड असायचं. सही झाली की खाला हात असा काही दाबायची की बांगडी सरळ मनगटावर. माइक लावून, मंडप घालून सह्यांच्या मोहिमा काढणारे पुष्कळ पुढारी मी पाहिले आहेत. त्यांना जमल्या नाहीत इतक्या सह्या या मनियारणीनं बाजारात गोणपाटावर बसून जमवल्या. लोकांचे हात हातात घेणं हा तिचा रोजचा धंदा होता. पुढारी ते काम पाच वर्षांतून एकदा करतात.

आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याचं नाव घातलं तरी पुढची गोष्ट बदलणार नाही. खाला मूळची डोणगावची. लग्न होऊन इकडं आली आणि आसपासच्या खेड्यांत बांगड्या विकत राहिली. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत तिचं दुकान ठरलेलं असे, बाकी दर मंगळवारी आमचा आठवडी बाजार. माझ्या बायकोचा लग्नाचा चुडा तिनंच भरला होता, म्हणून ती माझीही खाला. माझं टायपिंगचं दुकान तहसील कचेरीसमोर. अर्ज, निवेदनं, प्रतिज्ञापत्रं. गेली तीस वर्षं मी लोकांचा राग सविनय भाषेत बसवून देतो.

ती पहिल्यांदा कागदाच्या कामाला आली तेव्हा तिची मागणी एका ओळीची होती. बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी मुतारी पाहिजे. पुरुषांसाठीही ती नव्हती; पण त्यांच्यासाठी शाळेची मागची भिंत होती. तिच्यावर 'येथे लघवी करू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि बाहेरगावच्या माणसाला त्यामुळे जागा सापडायला सोपं जाई. बायकांना भिंत नव्हती. भाजीवाल्या, बांगडीवाल्या, मिरची विकणाऱ्या पहाटे घरून निघत आणि दिवेलागणीला परत पोचत. तोवर घोटभर पाणी पीत नसत. चैत्र असो, वैशाख असो. खाला चाळीस वर्षं अशी बाजारात बसली होती.

मी सवयीनं मजकूर सांगू लागलो. "महिला प्रसाधनगृह उभारून मिळणेबाबत सविनय विनंती."

"थांबा मास्तर. ते कोनतं गृह?"

"मुतारीच. पण कागदावर असं लिहितात, खाला."

"मंग सायेबाले समजन कसं? त्याले वाटन बायका पावडर लावाले घर मांगून राह्यल्या. मुतारी लिवा. अन् विनंती काऊन? मी काय भीक मांगून राह्यली?"

"खाला, तू सही कर. भाषा माझ्यावर सोड."

"तुमच्यावर सोडली म्हनूनच त चाळीस सालं झाली," ती म्हणाली. त्या वेळी मी हसलो. बायकोला घरी सांगितलं, तीही हसली. फक्त तिच्या हसण्यात मजा नव्हती, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

शेवटी 'मुतारी' राहिली आणि 'विनंती'सुद्धा राहिली. एकशे त्रेचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे. प्रत्येक अंगठ्यापुढं नाव मी लिहिलं, खालानं तोंडी सांगितलं. तिला एकही नाव आठवावं लागलं नाही. डोळे मिटून ती सांगत गेली, "ही सखारामची सुमन. ही तुकारामची मंदा. ही पिंजाऱ्याची जुबेदा."

यात एक चूक झाली आणि ती मनियारीणच करू शकते. खालानं या मुलींना लग्नाचे चुडे भरले होते ते त्यांच्या बापाच्या अंगणात. तिच्या लेखी त्या जन्मभर त्याच नावाच्या राहिल्या. आणि गंमत अशी, की ज्यांना लिहिता येत होतं त्या बायकांनीसुद्धा तिच्यापुढं हात केल्यावर माहेरचंच नाव लिहिलं होतं. खालाच्या गोणपाटावर बसली की बाई माहेरी येई. सासरी मंदाची अर्चना झाली होती, सुमनची वैशाली. पण कागदावर मंदा आणि सुमन.

चार महिन्यांनी नगरपंचायतीचं उत्तर आलं. ते मी जपून ठेवलं आहे. 'सदर निवेदनावरील महिलांची नावे मतदार यादीशी पडताळून पाहिली असता त्या अस्तित्वात नसल्याचे आढळून आले. सबब निवेदन निकाली काढण्यात येत आहे.' मुतारी बांधायला यांच्याकडं माणूस नव्हता, पण एकशे त्रेचाळीस नावं मतदार यादीशी ताडून पाहायला होता.

मी म्हणालो, "खाला, चूक आपली आहे. नावं सुधारून पुन्हा देऊ."

तिनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग घडी करून टोपलीत ठेवला. "नावं बरोबर हायेत," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी दुपारी बाजारातली एक ओळच्या ओळ उठली. वांग्यांचे, मेथीचे ढीग म्हाताऱ्यांच्या हवाली करून साठ-सत्तर बायका नगरपंचायतीत शिरल्या. मला खालानं 'वाचून दाखवाले' म्हणून सोबत नेलं होतं. मुख्याधिकारी तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्या टेबलावर काचेखाली गाडगेबाबांचा फोटो होता.

"एवढ्या बायका कशाला आणल्या?" ते म्हणाले.

"बायका कोठी हायेत सायेब?" खाला म्हणाली. "वाचा मास्तर."

मी वाचलं. 'अस्तित्वात नसल्याचे आढळून आले.'

"ऐकलं? इथं कोनीच नाई. तुमी तुमचं काम करा."

साहेब प्रक्रिया समजावून सांगू लागले. मतदार यादी, पडताळणी, प्रस्ताव, निधी. तेवढ्यात सुमननं खोलीच्या कोपऱ्यातलं दार ढकलून पाहिलं. आत पांढरी फरशी, नळ, साबण, टांगलेला टॉवेल.

"खाला, इथं त आंदरच हाये व यायची!"

"जाय मंग. तू हायेसच कोठी? सायेबाले दिसनार नाई."

सुमन गेली. दार लागलं. बाहेर रांग लागली. कुणी हसत नव्हतं. माझ्याशेजारच्या एका मिरचीवालीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला आधी वाटलं, हसण्याचं. साहेबांनी शिपायाला हाक मारली. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि रांगेत आपली सख्खी मावशी पाहून परत गेला. अकराव्या बाईनंतर साहेबांना अचानक कुठलीशी पाहणी आठवली आणि ते जीप काढून निघून गेले. रांग मात्र सरेपर्यंत चालली. शेवटी खाला आत गेली. बाहेर आल्यावर तिनं ओले हात साहेबांच्या टॉवेलला पुसले, टॉवेल होता तसा घडी करून ठेवला आणि म्हणाली, "चाला, मेथी सुकली असन."

पंधरा दिवसांत मंजुरी आली. मी कागदावर विश्वास ठेवणारा माणूस. पण ही मंजुरी कोणत्या कागदामुळे आली, हे मला आजही सांगता येणार नाही.

बांधकामाला सव्वा वर्ष लागलं. चार खोल्या. जागा नगरपंचायतीच्या सभागृहामागं, बाजाराच्या तोंडाशी. उद्घाटनाला बँड होता. मंडप मुतारीच्या तिप्पट होता. संगमरवरी पाटीवर सतरा नावं होती आणि त्या सतरांत बाई एकच, ती अध्यक्षांची पत्नी. भाषणांत 'मातृशक्ती' हा शब्द इतक्यांदा आला की माझ्या शेजारच्या वकिलांनी मोजणं सोडून दिलं. एकाही वक्त्यानं 'मुतारी' हा शब्द उच्चारला नाही. ज्या वास्तूचा उल्लेख करायची लाज वाटते तिच्यावर आपलं नाव कोरून घ्यायला मात्र त्यांना लाज वाटली नाही.

फीत कापली. फोटो झाले. खाला पुढं झाली. "सायेब, आता जाऊ का आंदर?"

"आजी, लोकार्पण झालं आहे," नगरपंचायतीचे अभियंता म्हणाले, "हस्तांतरण व्हायचं आहे. नळजोडणी झाली की लगेच."

संध्याकाळी दाराला कुलूप लागलं.

बांगडी फुटली असं खाला कधी म्हणायची नाही. 'वाढली' म्हणायची, चुड्याचा मान असतो म्हणून. त्या संध्याकाळी दुकानात येऊन ती म्हणाली, "मास्तर, यायचा शब्द फुटला."

"खाला, स्मरणपत्र देऊ," मी म्हणालो.

स्मरणपत्र दिलं. महिन्यानं दुसरं दिलं. मी दर वेळी शिक्का मारलेली पोच तिच्या हातात ठेवायचो आणि मला काहीतरी केल्यासारखं वाटायचं. तिनं आपलं गोणपाट त्या कुलूपबंद दारापुढं नेलं आणि तिथंच बांगड्या विकू लागली. येणारी-जाणारी बाई विचारायची, "उघडलं का व?" खाला म्हणायची, "मास्तर लिवून राह्यले."

चौथ्या स्मरणपत्राच्या वेळी तिचे पाय सुजले होते. सून शबाना तिला घेऊन बुलढाण्याला गेली, तिथून अकोल्याला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाकाठी पाणी किती पिता? खाला म्हणाली, "बाजार असला त नाई पेत." डॉक्टरांनी विचारलं, बाजार किती दिवस असतो? खाला म्हणाली, "इथं मंगळवार. बाकीच्या वारी दुसऱ्या गावी." मूत्रपिंडं निकामी व्हायला आणखीही कारणं असतात, डॉक्टरांनी तीही सांगितली. बीपी होतं, वय होतं. पण त्यांनी सगळ्यात आधी पाण्याचंच विचारलं, आणि ते मी विसरू शकत नाही. ज्या गावात बाईला पाणी प्यायची भीती वाटते, त्या गावातल्या पाटीवर सतरा नावं आहेत. ती वाचताना मला आजही त्या संगमरवरावर थुंकावंसं वाटतं.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा एसटीनं जाणं-येणं. मधल्या मंगळवारी ती तरीही दारापुढं बसायची. बांगड्या आता शबाना भरायची.

"खाला, आता पुरे," मी एकदा म्हणालो. "नळजोडणीचा प्रस्ताव वर गेला आहे. थोडे दिवस थांब."

"तुमी कधी थांबून पाह्यलं का मास्तर?" तिनं विचारलं. "सकाळपासून दिवे लागेलोक? कागदासाठी थांबाचं नाई म्हनून राह्यली मी. मुताले थांबाचं."

मी दुकानात जाऊन सातवं स्मरणपत्र टाइप केलं.

कुलूप लागल्यापासून आठव्या महिन्यात खाला गेली. दफन झालं तेव्हा कब्रस्तानाच्या रस्त्यावर भाजीवाल्या, मिरचीवाल्या रांगेनं उभ्या होत्या. पुढाऱ्यांपैकी कुणी आलं नाही. त्यांनी शोकसभा ठेवली. मंगळवारी, म्हणजे गर्दी आयतीच. सभागृहात फ्लेक्स लागला. त्यावर खालाचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि खाली 'शोकाकुल' म्हणून हसऱ्या चेहऱ्यांची ओळ. शोकप्रस्ताव टाइप करायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं, आणि मी ते केलं. 'संघर्षशील व्यक्तिमत्त्व हरपले' हे वाक्य माझंच आहे.

अध्यक्ष बोलले. उपाध्यक्ष बोलले. स्वच्छतागृहाला हमीदाबींचं नाव देण्याचा ठराव मांडू, अशी घोषणा झाली. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून शबाना उठली.

"नाव नोको सायेब. चाबी द्या."

"ताई, आज राजकारण नको," अध्यक्ष मृदू आवाजात म्हणाले. "आज आपण आदरांजली वाहायला जमलो आहोत. आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्ध राहावं, ही विनंती."

सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो, हातात तो प्रस्ताव, मान खाली. मागं चपलांचा आवाज झाला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर उभ्या राहिलेल्या बायका तशाच चालू लागल्या होत्या, पुढं शबाना, तिच्यामागं सुमन. सुमनच्या पिशवीत भाजी तोलायचं पाच किलोचं लोखंडी वजन होतं, हे मला नंतर कळलं. सभागृहात अगदी शांतता होती.

भिंतीपलीकडून पहिला ठोका आला. अध्यक्षांची पापणी हलली, पण स्तब्धता मोडता येईना. दुसरा ठोका. तिसऱ्याला काहीतरी फरशीवर पडलं, आणि दार करकरत उघडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

दोन मिनिटं अजून पुरी व्हायची होती. खालाला मी आठ महिने थांबायला सांगितलं होतं.