खाणीच्या गेटवर काय सांगायचं

सायरन वाजला तेव्हा पहिली पाळी आत होती. मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये पोचलो, तर ते फोनवर ओरडत होते. रिसीव्हर ठेवून ते मला म्हणाले, "रूफ फॉल आहे. तिघं ढिगाऱ्याखाली अडकलेत. गेटवर कोणी एक शब्द बोलायचा नाही."

रूफ फॉल म्हणजे खाणीच्या आतलं छत खाली येणं. आमची कोळशाची खाण राजुऱ्याजवळ होती. इनक्लाइनने, म्हणजे तिरप्या बोगद्याने, माणसं आत उतरायची. मी तिथे वेलफेअर ऑफिसर होतो. कामगारांची घरं, पाणी, दवाखाना, भांडणं, सगळं माझ्याकडे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे ही.

त्या महिन्यात माझ्याकडे वंदना नावाची विद्यार्थिनी फील्डवर्कला आली होती. मूळची चिमूरची, नागपूरला समाजकार्य शिकत होती. विषय होता कामगारांची घरं. पण घरांपेक्षा तिला भलत्याच गोष्टीत रस. नोटीस बोर्डासमोर उभी राहून ती बायकांना विचारायची, "यावर काय लिहिलंय?" सायरन कशासाठी वाजतो हेही तिने कॉलनीत घरोघर विचारलं होतं. प्रत्येक घरात वेगळं उत्तर मिळालं. मला तेव्हा ते पोरखेळ वाटलं होतं.

गेटवर सगळी कॉलनी जमली होती. कोणी म्हणत होतं पाणी घुसलं, कोणी म्हणत होतं आग लागली. एक म्हातारी गेटच्या सळ्या धरून ओरडत होती, "आमचा मानूस आत हाय का भाईर, तेवळं तरी सांगा ना जी!" वॉचमन मान खाली घालून उभा होता. मागून एक दगड आला आणि टाइम ऑफिसची काच फुटली.

वंदना धावत केबिनमध्ये आली. "साहेब, जेवढं माहीत आहे तेवढं सांगू या."

"आणि चुकीचं निघालं तर?" साहेबांनी विचारलं.

"जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून सांगायचं. आणि पुन्हा कधी येऊन सांगणार, तेही."

साहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "जा. तुम्ही सांगा."

मी गेटपाशी स्टुलावर चढलो. छत पडलं आहे. पाणी नाही, आग नाही. तिघं अडकले होते. दोघांना काढून अ‍ॅम्ब्युलन्सने चंद्रपूरला पाठवलं. तिसरा, देवराव, अजून आत आहे. जिवंत आहे का, ते आम्हाला माहीत नाही. थोड्या वेळाने मी परत येऊन सांगतो. तिन्ही नावं घेतली तशी गर्दी गप्प झाली. ज्यांची माणसं त्यात नव्हती, त्या बायका मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

वंदना गर्दीत काहीतरी शोधत होती. "सर, देवरावची बायको कुठे आहे?"

कौशल्या तिथे नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं. हजेरी लिहिणाऱ्या टाइमकीपरला तिचं रडणं बघवलं नाही. भला माणूस होता तो. तो तिला म्हणाला, "तुझा नवरा निघाला बाई, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेला." ती कोळशाच्या ट्रकमध्ये बसून चंद्रपूरला निघून गेली होती.

दवाखान्याचा फोन लागेना. गेटवर पुढचं सांगायचं काम साहेबांवर सोपवून आम्ही जीप काढली. वाटेत वंदनाने एकच विचारलं, "सर, सुरुवात कशी करायची?"

कौशल्या वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. मांडीवर नवऱ्याचा धुतलेला सदरा. आम्हाला बघून उठली. "त्याहीले कुठी ठेवलं? मले कोणी भेटू देऊन नाई राह्यलं."

वंदना तिच्यासमोर उभी राहिली. "ताई, देवरावभाऊ इथे आलेच नाहीत. ते अजून खदानीतच आहेत. आम्ही निघालो तोवर बाहेर आले नव्हते."

कौशल्याला ते समजायला वेळ लागला. मग ती आमच्या आधी जीपकडे धावली.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब फर्स्ट एड रूमच्या दारात उभे होते. डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी हातात घेतलं होतं. देवरावला जिवंत बाहेर काढलं होतं. शुद्धीवर होता. बायकोला बोलवा म्हणाला, पाणी मागितलं. दुसरी गाडी येईपर्यंत टिकला नाही.

कौशल्या त्याच्या उशाशी बसली. त्याच्या कानातली कोळशाची भुकटी पदराने पुसत राहिली. टाइमकीपर भिंतीपाशी हात जोडून उभा होता. तिने वर बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"भाऊ, मले खोटं काऊन सांगतलं? मी इथीच बसली असती ना."

वंदना बाहेर जाऊन पायरीवर बसली. ती रडत होती. मी तिला रडू दिलं.

टाइमकीपरने पुढे बदली मागून घेतली. कौशल्याला खाणीच्या कँटीनमध्ये नोकरी मिळाली. वंदनाने घरांचा विषय सोडला. धोक्याच्या वेळी लोकांना कोण, काय, कोणत्या शब्दांत सांगतं, हा नवा विषय तिने घेतला. कॉलेजातल्या गाइडने नाक मुरडलं, पण ती सुट्ट्यांमध्ये येऊन बायकांशी बोलत राहिली. सायरन वाजल्यावर तुला पहिली बातमी कोणी दिली? तू काय समजलीस? कुठे गेलीस? पुढे तिने आयुष्यभर हेच काम केलं. आता त्याला क्रायसिस कम्युनिकेशन म्हणतात, त्याचे कोर्स असतात.

आमच्या खाणीत नियम झाला. अपघात झाला की वेलफेअर ऑफिसरने आधी गेटवर जायचं. मी निवृत्त होईपर्यंत तो पाळला.

त्यानंतरही खाणीत माणसं गेली. खरं सांगितल्याने कोणी वाचलं नाही. घरच्यांना कुठे थांबायचं, एवढंच कळलं.