हाडासाठी मणी

आमच्या जाऊबाई आधी औषधांच्या कारखान्यात गोळ्यांना लेप चढवायच्या. मग एका प्रयोगशाळेने त्यांना बोलावून घेतलं. काम तसंच, फक्त गोळ्यांच्या जागी खसखशीएवढे प्लॅस्टिकचे मणी, शरीरात हळूहळू विरघळणारे. त्यांच्यावर हाडात असतो तसल्या कॅल्शियमच्या भुकटीचा थर द्यायचा आणि साच्यात दाबून त्यांचा ठोकळा करायचा. अपघातात हाडाचा तुकडाच गेला, तर तो ठोकळा त्या जागी बसवायचा. मण्यांमधल्या फटींतून नवं हाड आत शिरतं. सासूबाई मात्र शेजारणींना एवढंच सांगायच्या, "सूनबाई मणी करते." दोघीतिघींनी तर माळाही मागून ठेवल्या होत्या.

पण थर काही टिकेना. साच्यात दाबलं की भुकटी पापुद्र्यांसारखी सुटायची. एकदा जेवताना जाऊबाई मला म्हणाल्या, "मणी फार गुळगुळीत आहेत गं. भुकटीने धरायचं तरी कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि प्रयोगशाळेतल्या संशोधक मॅडमनी मिळून थर द्यायच्या फिरत्या ड्रममध्ये गरम हवा सोडली. मण्यांची नुसती साल मऊ व्हावी, म्हणजे भुकटी आत रुतेल, असा बेत. आच जास्त झाली आणि सगळ्या मण्यांचा मिळून एक धोंडा झाला. छिन्नीने फोडून काढावा लागला.

"चिकटतात, एवढं तरी कळलं," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

मग त्या आच जराजराशी उतरवत गेल्या. एका दुपारी भुकटी टाकली आणि मणी एकमेकांना न चिकटता पांढरेशुभ्र होऊन खळखळू लागले. साच्यात दाबले, नखाने खरवडले. कणही सुटला नाही.

पुढे त्या ठोकळ्यावर हाडाच्या पेशी वाढवल्या. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर जाऊबाई धावतच बाहेर आल्या आणि मला फोन लावला.

"पेशींनी या मण्यावरून त्या मण्यावर हात टाकलेत गं. आत चालल्यात, खोल आत!"

मी हातातलं लाटणं घेऊन तशीच सासूबाईंच्या खोलीत पळाले.

नंतर हाडांचे एक डॉक्टर आले. त्यांनी ठोकळा सुरीने तासला, नमुन्याच्या मांडीच्या हाडातल्या भगदाडात बसवला. गच्च बसला. अंगठ्याने दाबत ते म्हणाले, "आता प्राण्यांवरच्या चाचणीसाठी असे ठोकळे लागतील. कधी देऊ शकाल?"

जाऊबाईंनी शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं. "ड्रम सकाळपासून चालूच आहे."