शनिवारची पावकी
ताज्या सारवणाचा वास आला की मला परंड्याजवळच्या आमच्या गावातली शाळा आठवते. निजामाचे राज्य जाऊन सात-आठ वर्षे झाली होती. शाळा एका खोलीची. शनिवारी सकाळी मुली ती शेणाने सारवत आणि आम्ही मुलगे बाहेर लिंबाखाली पावकी-निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे, म्हणत असू. चौथीत मुलगी एकच होती, आणि पास झाली तरच पुढे शिकवीन, असे तिच्या वडिलांनी बजावले होते. एका शनिवारी ती शेणाच्या हातांनी दारात आली. “गुर्जी, आमी सारवतो तवाच पावकी व्हती. मग आमाला ती कवा शिकवणार?” गुरुजी म्हणाले, “तुला काय बाजारात तराजू धरायचाय व्हय?” आम्ही सगळे हसलो. “परीक्षंत इचारत्यात की,” एवढे बोलून ती आत गेली. वार्षिक परीक्षेत पावकीचीच गणिते जास्त आली. ती नापास झाली आणि जूनपासून शेळ्यांमागे जाऊ लागली. आज हे लिहिताना एक गोष्ट सांगायला हवी. तिचे घर आमच्या घराला लागून होते आणि मला पावकी तोंडपाठ होती. ती तिला शिकवू नकोस, असे मला कोणीही सांगितले नव्हते.