मामांना कुणी चालू दिलं नाही

कळमनुरीच्या बाजारात मी आरोग्याची पत्रकं वाटत होते. पाय दुखतो म्हणून चालणं सोडू नका, असं त्यांवर ठळक छापलेलं. तेवढ्यात मामीचा फोन आला, "पोरी, तुहे मामा गेले..." रडू नंतर आलं. आधी आला तो राग.

माझं आजोळ कुरुंद्याजवळ, मी वाढलेही तिथंच. विडीनं आणि साखरेच्या आजारानं बाबारावमामांच्या पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. जरा चाललं की पोटरीत गोळा यायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखेस्तोवर चाला, थांबा, कळ ओसरली की पुन्हा चाला. चालण्याआधी पोटरीला बांधायला लाल उजेडाचा एक पट्टाही दिला. "हा नुसता जोडीला. याचा गुण किती, ते अजून तपासणं चालू आहे. औषध म्हणजे चालणं." मामांनी विडी सोडली. हळदीच्या रानात आपल्या पायानं जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पण आमच्या गावात वडीलधारं माणूस पायी दिसलं आणि पोरानं मोटारसायकल थांबवली नाही, तर त्याच्या अख्ख्या घराण्याचा उद्धार होतो. मामा रस्त्याला लागले की गाडी थांबलीच.

"बसा मामा, काहून तंगड्या तोडून राहिले?"

"डॉक्टरनं चालाया सांगितलंय, बाप्पा."

"त्याचं काय जातंय? तो स्वतः कारमधी फिरते!"

नाही म्हटलं तर समोरच्याचा अपमान. मामा बसायचे. पुढं लोक मामीला टोचू लागले, घरात गाडी असून म्हाताऱ्याला पायी हिंडवता? मामीही कंटाळली. "उजेड घेता न्हाई का रोज? बास झालं की." चालणं सुटलं, पट्टा राहिला. ओसरीत खुर्चीवर पाय पसरून मामा तो बांधायचे आणि येणारे-जाणारे कौतुकानं बघायचे. निम्मा उपचार, तोही बिनकामाचा निम्मा!

मी चावडीवर पत्रक चिकटवलं, 'मामांना गाडीवर घेऊ नका.' लोकांनी वाचलं, हसले. त्याच संध्याकाळी शेजारच्या गजाननानं गाडी थांबवली. "पत्रकातले मामा तुमीच ना? बसा!"

मग पायाचा अंगठा काळा पडला. पाय गुडघ्याच्या वरून कापला. दवाखान्यात मामा म्हणाले, "आता बसूनच ऱ्हायचं. समद्यांची इच्छा पुरी झाली बघ." जखम चिघळली आणि तेही संपलं...

कुणी दुष्ट नव्हतं, हेच मला सहन होत नाही. दुष्टांशी भांडता येतं. आजारी माणसाला खाली बसवणं हीच सेवा, असं मानणाऱ्या मायाळू गावाशी कसं भांडायचं?

परवा त्या रस्त्यानं पायी निघाले होते. मामांच्या घरापुढं येताच गजाननाची गाडी सवयीनं मंदावली. तो सीटवर पुढं सरकला, मागं जागा केली, कडेला पाहिलं. क्षणभर तसाच थांबला... आणि मागची जागा रिकामी ठेवून, पुढं सरकलेला तसाच निघून गेला.